सह्याद्रीतल्या खडकाळ वाटांसाठी माउंटन बाइकचे टायर कसे निवडावेत

दुकानात टायर हातात घेतला की बहुतेकांची नजर आधी बटणांवर जाते. बटणं मोठी, टोकदार, लांब-लांब असली की पकड भारी असणार, असा हिशेब होतो आणि टायर घरी येतो. दगडाच्या वाटेवर हा हिशेब उलटा पडतो. तिथे टायर सोडून देतो तो बहुधा बाजूच्या भिंतीतून, आणि पकड जाते ती कडक रबरामुळे किंवा जास्त भरलेल्या हवेमुळे. म्हणून निवड करताना क्रम असा ठेवा: आधी केसिंग (टायरचं आतलं कापड), मग रबर, मग रुंदी, आणि नक्षी सगळ्यात शेवटी. टायर चढवल्यावर हवा नीट भरली नाही, तर या चारही गोष्टींवरचे पैसे वाया.

१. आपली वाट कशाची आहे ते आधी बघा

"खडकाळ" हा एकच शब्द झाला, पण आपल्याकडे त्यात किमान तीन वेगळे प्रकार येतात.

घाटमाथ्यावर आणि पुण्या-नाशिकच्या टेकड्यांवर काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. कोरडा असताना याच्यावर मऊ रबर छान चिकटतं. पण फुटलेल्या दगडाची धार सुरीसारखी असते, आणि दोन दगडांच्या फटीतून चाक जाताना टायरची बाजू नेमकी तिथेच घासते. जुन्या खाणींच्या आसपास हे हमखास.

दुसरा मुरूम. कडक जमिनीवर सुटी खडी पसरलेली असते आणि वळणावर पुढचं चाक त्यावरून सरकतं. कापण्याचा धोका कमी, घसरण्याचा जास्त.

तिसरा जांभा: महाबळेश्वर-पाचगणीचं पठार, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, गोवा. जांभ्याला पकड उत्तम मिळते, कारण तो खरखरीत आणि भोकाभोकांचा असतो. पण त्याच कारणाने तो रबर कानशीसारखा खातो. ब्रेक दाबून मागचं चाक फरफटवायची सवय असेल, तर जांभ्यावर मऊ टायरची बटणं बघता बघता गोल होतात.

यात काटे धरा. बाभळीचा पांढरा लांब काटा, वेडी बाभूळ, बोर, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला वाटेवर पसरलेले सराटे. सराटा कसाही पडला तरी त्याची एक नांगी वर असतेच. काट्याला जाड टायरही पुरत नाही. त्यावर उपाय सीलंटचा, म्हणजे टायरमध्ये ओतायच्या भोक बुजवणाऱ्या द्रवाचा, तो पुढे येतोच.

पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर कोणताच टायर खात्रीने टिकत नाही. मऊ रबराने थोडा फरक पडतो. बाकी काम सरळ रेषेत जाण्याचं आणि त्या दोन मीटरवर ब्रेकला हात न लावण्याचं.

२. सध्याच्या टायरवर काय लिहिलंय ते वाचा

टायरच्या बाजूला दोन प्रकारे माप कोरलेलं असतं. एक बोलीतलं, इंचांमधलं: २६ × २.१, २७.५ × २.२५, २९ × २.४. दुसरं मिलिमीटरमधलं: ५४-५८४, ५७-६२२ असं. भरवसा दुसऱ्यावर ठेवा. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास. २६ इंचीला ५५९, साडेसत्तावीसला ५८४, एकोणतीसला ६२२. हा दुसरा आकडा एका मिलिमीटरनेही वेगळा चालत नाही. सातशे सी म्हणून विकल्या जाणाऱ्या हायब्रिड सायकलींचा व्यासही ६२२ च असतो. पण त्यांचं फोर्क आणि फ्रेम अरुंद असते, त्यामुळे माउंटन बाइकचा रुंद टायर रिमवर बसला तरी फ्रेममध्ये बसेलच असं नाही.

आता तीन मापं घ्या.

रिमची आतली रुंदी: टायर काढून दोन्ही कडांच्या मधलं अंतर व्हर्नियरने किंवा साध्या पट्टीने मोजा. १९ ते २१ मिलिमीटर असेल, तर २.२५ च्या पुढे जाऊ नका. २३ ते २६ ला २.२५ ते २.४ चालतो. २८ ते ३२ ला २.४ ते २.६. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो दिव्यातल्या बल्बसारखा फुगतो, आणि हवा कमी करून वळण घेतलं की रिमवर आडवा लोळतो. स्वस्त सायकलींवर २.५ चा टायर बसवून "पकड नाही" अशी तक्रार करणाऱ्यांचं दुखणं बहुतेकदा हेच असतं. मॅक्सिसच्या टायरवर डब्ल्यूटी लिहिलेलं असेल, तर तो ३० ते ३५ मिलिमीटरच्या रिमसाठी बेतलेला आहे.

फ्रेममधली जागा: मागच्या टायरची बाजू आणि चेनस्टे (मागच्या चाकाच्या आसाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) यांच्यात दोन्हीकडे किमान ६ मिलिमीटर हवेत. टायर पंक्चर झालं, चाक थोडं आऊट झालं, एखादा खडा अडकला, तरी फ्रेम घासायला नको. काळ्या मातीच्या भागात राहत असाल तर १० धरा. खरं सांगायचं तर ओल्या काळ्या मातीत जाऊच नका. पन्नास मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं आणि त्यात टायरचा दोष नसतो.

तिसरं, व्हॉल्व्हचं भोक: मोटारसायकलसारखा जाड श्रेडर की पातळ प्रेस्टा, ते बघा. ट्यूब आणि ट्यूबलेस व्हॉल्व्ह घेताना हेच विचारलं जातं.

३. केसिंग: पैसे इथे घाला

केसिंग म्हणजे टायरचं कापड, ज्यावर रबर चढवलेलं असतं. खडकावर टायर तीन प्रकारे मरतो. धारदार दगडाने बाजूची भिंत चिरते. टायर दगड आणि रिम यांच्यात चेपला जातो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, किंवा ट्यूबलेस असेल तर टायरलाच बीडजवळ (रिममध्ये अडकणाऱ्या टायरच्या कडेजवळ) छेद जातो. किंवा रोजच्या घासण्याने भिंतीतले धागे उघडे पडत जातात. तिन्हींचा संबंध केसिंगशी आहे, नक्षीशी नाही.

सायकलीसोबत येणारे तारेचे टायर, म्हणजे घडी न होणारे, बहुधा एका थराचे आणि बाजूला काहीच संरक्षण नसलेले असतात. डांबर आणि मातीच्या रस्त्याला ते पुरतात. फुटक्या पाषाणात पुरत नाहीत. घडीच्या टायरमध्ये तारेऐवजी केवलारसारखा धागा असतो, त्यामुळे एका टायरमागे साधारण पन्नास ते शंभर ग्रॅम वाचतात. पण घडीचा टायर म्हणजे मजबूत टायर, असं अजिबात नाही. शर्यतीचे सर्वांत नाजूक टायरही घडीचेच असतात.

प्रत्येक कंपनीची केसिंगची नावं वेगळी. एवढी डोक्यात ठेवली की नेटवर टायर बघताना गोंधळ उडत नाही:

मॅक्सिस: एक्सो ही बाजूला संरक्षण असलेली एकेरी केसिंग. एक्सो प्लस त्याहून मजबूत, डबलडाउन दोन थरांची, डीएच सगळ्यात जड.

श्वाल्बे: सुपर रेस सर्वांत हलकी, मग सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल.

कॉन्टिनेंटल: ट्रेल, एंड्युरो, डाउनहिल. नावावरूनच कळतं, हे त्यांनी बरं केलं.

स्पेशलाइज्ड: ग्रिड, ग्रिड ट्रेल, ग्रिड ग्रॅव्हिटी.

नाव सापडत नसेल तर वजन बघा, ते खोटं बोलत नाही. २९ × २.४ मापात ८५० ते १००० ग्रॅम म्हणजे संरक्षण असलेली एकेरी केसिंग, १००० ते ११५० म्हणजे मधली, १२०० च्या पुढे दोन थर. याच मापात ७०० ग्रॅमचा टायर कोणी "ट्रेलला चालतो" म्हणून देत असेल, तर त्याने वाचवलेलं वजन बाजूच्या भिंतीतूनच गेलेलं आहे.

टीपीआय, म्हणजे एका इंचात किती धागे, याच्यावर फार गफलत होते. १२० चा टायर ६० पेक्षा "भारी" असं नाही. धागे जास्त म्हणजे ते पातळ. कापड मऊ, दगडाच्या आकाराला चांगलं वळणारं, पण कापायला सोपं. ६० चे धागे जाड, टायर थोडा ताठ, चिरायला अवघड. शिवाय कॉन्टिनेंटल सगळ्या थरांची बेरीज लिहिते, ३/१८० म्हणजे ६० चे तीन थर. दोन वेगळ्या कंपन्यांचे टीपीआय समोरासमोर ठेवून काहीच निष्पन्न होत नाही.

नवशिक्याने काय घ्यावं? ७५ किलोपर्यंत वजन, वेग मध्यम, वाट मुरूम आणि अधूनमधून पाषाण असेल, तर पुढे संरक्षण असलेली एकेरी आणि मागे तीच किंवा एक पायरी वरची केसिंग. वजन ८५ च्या पुढे असेल किंवा दगडांच्या पायऱ्या उतरायच्या असतील, तर मागे दोन थरांची. पुढे-मागे सारखीच केसिंग असायला हवी असा काही नियम नाही. मागच्या चाकावर जास्त भार असतो आणि ते दगडावर आदळतं तेव्हा तुम्ही ते उचलून घेऊ शकत नाही, म्हणून जाडी तिथे. मागे २५० ग्रॅम वाढले की चढावर जाणवतं, हे खरंच. पण टायर फाटल्यावर सायकल ढकलत घाट उतरणं जास्त जाणवतं.

४. रबर

मऊ रबर दगडाच्या बारीक खरखरीत शिरतं आणि सावकाश परत येतं, म्हणून ते धरतं. कडक रबर उसळतं. कडकपणाचं मोजमाप शोर ए या पट्टीवर होतं: ४२ च्या आसपास फार मऊ, ५० मधलं, ६० च्या पुढे कडक आणि टिकाऊ. सायकलीसोबत आलेल्या स्वस्त टायरवर आकडा नसतो. तिथे अंगठ्याचं नख बटणात दाबून बघा. खूण उमटून हळूहळू भरून येत असेल, तर रबर मऊ. नख घसरून जात असेल, तर ओल्या दगडावर टायरही तसाच जाणार.

मॅक्सिसमध्ये मॅक्सग्रिप सर्वांत मऊ, मॅक्सटेरा मधलं, ड्युअल त्याहून टिकाऊ. श्वाल्बेच्या अ‍ॅडिक्समध्ये टायरवरच्या पट्टीचा रंग बघायचा: जांभळी अल्ट्रा सॉफ्ट, केशरी सॉफ्ट, निळी स्पीडग्रिप, लाल स्पीड. कॉन्टिनेंटलमध्ये सुपरसॉफ्ट, सॉफ्ट, एंड्युरन्स. स्पेशलाइज्डमध्ये टी नाइन मऊ, टी सेव्हन मधलं, टी फाइव्ह कडक.

पुढे मऊ, मागे एक पायरी कडक. मागचं चाक घसरलं तर सायकल तिरकी होते आणि बहुतेक वेळा सावरते. पुढचं घसरलं तर माणूस खाली. शिवाय पेडलचा जोर आणि फरफटणं दोन्ही मागच्या टायरवर येतं, त्यामुळे तिथलं मऊ रबर लवकर संपतं.

एक गोष्ट आपल्याकडे फार घडते: वाटेपर्यंत पोचायलाच पंधरा-वीस किलोमीटर डांबर तुडवावं लागतं. मे महिन्यातल्या तापलेल्या डांबरावर मॅक्सग्रिप किंवा अल्ट्रा सॉफ्ट घेऊन जाणं म्हणजे पैसे रस्त्याला चोळणं. वळणांवर कडेची बटणं मुळाशी चिरू लागतात आणि मग एकेक करून उडतात. असा जोडरस्ता रोजचा असेल, तर पुढेही मधलंच रबर घ्या. गाडीच्या कॅरियरवरून सायकल नेत असाल, तर पुढे खुशाल मऊ.

५. नक्षी

दगडावर टायर किती टेकतो त्याला महत्त्व आहे. बटणं फार उंच आणि विरळ असली की ती कातळावर वाकतात, वळणात टायर हलल्यासारखा वाटतो आणि मुळाशी ताण येतो. चिखलाचे टायर म्हणूनच खडकावर वाईट. मध्यम उंचीची, थोडी जवळ-जवळ, पायाशी रुंद बटणं हवीत. कडेची रांग मात्र भक्कम आणि ठळक हवी, कारण मुरमाच्या वळणावर तीच जमीन धरते. बटणांवरच्या बारीक चिरांमुळे रबर दगडाच्या आकाराला वाकतं, त्या असाव्यात. मागच्या टायरला मधली बटणं समोरून उतरती आणि मागून उभी असली, तर ती सहज लोळतात आणि ब्रेकला अडतात.

बाणाची दिशा बघूनच बसवा. काही टायरवर पुढचा-मागचा असे दोन बाण असतात.

६. जोड्या

बऱ्याच ठिकाणी सापडणाऱ्या आणि वर्षानुवर्षं लोकांनी वापरलेल्या जोड्या सांगायच्या तर: पुढे मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ, मागे मिनियन डीएचआर टू. किंवा पुढे श्वाल्बेचा मॅजिक मेरी, मागे हान्स डॅम्प्फ. किंवा कॉन्टिनेंटलचा क्रिप्टोटाल, ज्यात पुढचा आणि मागचा टायर वेगळाच मिळतो. या तिन्ही उतारासाठी बेतलेल्या आहेत, चढाला जड वाटतील. पुढे १०० मिलिमीटर दबणारं फोर्क असलेल्या साध्या हार्डटेलला (मागे शॉक नसलेल्या सायकलीला) त्या अंमळ जास्तच होतात. तिथे पुढे-मागे नॉबी निक किंवा आर्डेंट प्रकारातला २.२५ चा, बाजूला संरक्षण असलेला टायर पुष्कळ झाला.

बजेट एकाच टायरचं असेल तर पुढचा घ्या. जुना मागे राहू द्या आणि त्यात दोन पीएसआय हवा जास्त ठेवा. याला अपवाद एकच: मागचा टायर दर खेपेला चिरत असेल, तर आधी मागची केसिंग बदला.

७. ट्यूबलेस करायचं का?

खडक आणि काटे दोन्ही असतील, तर हो. ट्यूब नसली की चेपून होणारी दोन भोकं बंद होतात, हवा चार-पाच पीएसआय कमी ठेवता येते, आणि काट्याची बारीक भोकं सीलंट जागच्या जागी बुजवतं. पण टायर आणि रिम दोन्हींवर तशी खूण हवी: टीआर, टीएलआर, टीएलई, टूब्लिस रेडी यांपैकी काहीतरी. तारेचा साधा टायर सीलंट घालून ट्यूबलेस करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याचा बीड रिमवर घट्ट धरण्यासाठी बनवलेला नसतो आणि वळणात तो सुटू शकतो.

पहिल्यांदा बसवताना असं करा:

१. रिम आतून स्पिरिटने पुसून घ्या. तेलाचा हात लागलेला चालत नाही.

२. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ५ मिलिमीटर रुंद ट्यूबलेस टेप व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून ताणून दोन फेरे लावा. स्पोकच्या भोकांवरून अंगठ्याने दाबत जा. साधी सेलोटेप सीलंटने सुटते.

३. व्हॉल्व्हच्या जागी टेपला तापवलेल्या सुईने छोटं भोक पाडा. ब्लेडने चिरलं तर चीर वाढत जाते.

४. व्हॉल्व्ह बसवून नट हातानेच आवळा. पक्कड लावली तर वाटेत ट्यूब घालायची वेळ आली की तो हाताने सुटणार नाही.

५. टायरची एक बाजू पूर्ण आणि दुसरी जवळजवळ पूर्ण चढवा. बीडवर साबणाचं पाणी लावा.

६. व्हॉल्व्हचा कोअर (आतला फिरवून निघणारा भाग) काढून सीलंटशिवायच हवा मारून बघा. कोअर नसल्यावर हवा एकदम आत जाते. दोन्ही बीड "टक-टक" आवाज करून बसतात. रिमच्या कडेशी टायरवर जी बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. रेघ कुठे आत गेली असेल, तर तिथे बीड बसलेला नाही आणि चाक उड्या मारेल.

७. हवा सोडा, बीड न हलवता व्हॉल्व्हमधून सीलंट घाला: २६ ला ८० ते ९०, २७.५ ला ९० ते १००, २९ ला ११० ते १२० मिलिलिटर. कोअर लावा, ३५ पीएसआयपर्यंत हवा भरा, चाक दोन्ही बाजूंना आडवं करून सावकाश फिरवा.

८. रात्रभर आडवं ठेवा, मध्ये एकदा पलटा. पहिले एक-दोन दिवस हवा थोडी उतरेल, नवीन टायर भिंतीतून सीलंट पितो.

घरच्या पंपाने बीड बसत नसेल तर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर वापरा. प्रेस्टाला लावायचा छोटा पितळी अ‍ॅडॅप्टर सोबत न्या आणि काकांना आधीच सांगा की चाळीसच्या वर नको. घाईत हात साठवर जातो, आणि रुंद रिमला तेवढा दाब सोसत नाही.

सीलंट वाळतं. मार्च ते मे या काळात दर चार-सहा आठवड्यांनी, एरवी दोन-तीन महिन्यांनी चाक कानाशी धरून हलवा. पाण्याचा खळखळाट आला नाही, तर ६० मिलिलिटर घाला.

ट्यूबच ठेवायची असेल, तरीही टायर चांगल्या केसिंगचाच घ्या. ट्यूब टाल्कम पावडर चोळून बसवा, म्हणजे आत चिकटून पीळ पडत नाही.

८. हवा

टायरच्या बाजूला "कमाल ६५ पीएसआय" लिहिलेलं असतं. ती वरची मर्यादा आहे, शिफारस नव्हे. ४५-५० भरून दगडात गेलात, तर टायर चेंडूसारखा उसळत जातो आणि दगडाला क्षणभरच टेकतो. मऊ रबराचे दिलेले पैसे तिथे वाया गेले.

७० किलोच्या माणसासाठी सुरुवातीचे आकडे:

२९ × २.४, ट्यूबलेस, २८-३० मिलिमीटरची रिम: पुढे २२, मागे २५.

२९ किंवा २७.५ × २.२५, ट्यूबलेस: पुढे २४, मागे २७.

२६ किंवा २७.५ × २.१, ट्यूब घालून: पुढे २८, मागे ३२.

दर पाच किलोला साधारण एक पीएसआय वर-खाली. पाठीवर पाण्याची पिशवी आणि सामान असेल, तर तेही वजनात धरा.

आता यातून आपला आकडा काढायचा. ओळखीचा शे-दोनशे मीटरचा दगडी तुकडा निवडा, त्यावरून एकाच वेगाने पुन्हा पुन्हा जा. दर खेपेला मागे एक पीएसआय कमी करा. कधीतरी रिमला दगड लागून "टण्ण" असा धातूचा आवाज येईल. तिथून दोन पीएसआय वर या, तो तुमचा मागचा आकडा. पुढच्यासाठी आवाजाची वाट बघू नका. वळणात हँडल सैल झाल्यासारखं, टायर रिमखालून सरकल्यासारखं वाटू लागलं की एक-दीड पीएसआय वाढवा. ट्यूबलेसमध्ये वळणात "फुस्स" करून हवा निघाली, तर हवा फारच कमी आहे किंवा रिमला टायर रुंद पडतोय.

अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. जाड केसिंगचा टायर २० ला सुद्धा अंगठ्याला टणक लागतो. रस्त्याच्या सायकलींच्या, १६० पर्यंत काटा असलेल्या पंपावर २२ आणि २५ मधला फरक दिसत नाही. ० ते ६० चा वेगळा गेज घ्या. टायरच्या पहिल्या जोडीबरोबरच घ्यायची वस्तू आहे ती.

उंचीचं एक गणित मुंबई-कोकणातल्यांनी लक्षात ठेवावं. समुद्रसपाटीला २४ भरून १३७२ मीटरवरच्या महाबळेश्वरला गेलात, तर बाहेरची हवा विरळ झाल्याने गेज साधारण दोन पीएसआय जास्त दाखवेल. वरच्या थंडीने त्यातलं थोडं परत जातं. तापमानाचंही तसंच, दर दहा अंशांना साधारण सव्वा पीएसआय. म्हणजे हिवाळ्यात पहाटे दहा अंशांत भरलेली हवा दुपारी तीस अंशांत अडीचने वाढलेली असते. वाटेच्या तोंडाशी पोचून गेज लावणं हाच सोपा उपाय.

९. वाटेवर काय होतं आणि काय करायचं

सोबत ठेवा: एक ट्यूब, छोटा पंप, दोन प्लास्टिकचे लिव्हर, ट्यूबलेसच्या पंक्चर पट्ट्या आणि टोचा, पॅच, जुन्या टायरच्या भिंतीचा तीन बाय सहा सेंटिमीटरचा तुकडा.

काटा रुतलेला दिसला आणि हवा धरून आहे, तर ट्यूबलेसमध्ये तो वाटेत उपटू नका. घरी आल्यावर काढा. काढलात की ते भोक लगेच खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे जमतं. ट्यूब असेल तर काढावाच लागतो. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. बाभळीच्या काट्याचं टोक आत मोडून राहिलेलं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही पण कापडाचा धागा त्यात अडकतो. हे न केल्याने दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत जाते.

पाच मिलिमीटरपर्यंतच्या चिरेत पट्टी भरा. एकीने भागलं नाही तर दोन. चीर त्याहून मोठी असेल, तर टायर उघडून आतून जुन्या टायरचा तुकडा लावा, वर ट्यूब घाला, हवा जरा कमीच भरा आणि सावकाश घरी या. गॅसच्या कार्ट्रिजने हवा भरली, तर काही लॅटेक्स सीलंट त्याच्याने गोठतात. घरी आल्यावर साधी हवा भरून सीलंट तपासा.

हवा सगळी गेली आणि टायर फुटलेला दिसत नाही, तेव्हा रिमकडे बघा. दगडाने कडेला पोचा आला असेल, तर बीड तिथून हवा सोडतो. बारीक पोचा पान्याने हळूहळू सरळ होतो. कडेला चीर असेल तर रिम गेली. असे पोचे वारंवार येत असतील तर मागच्या टायरच्या आत फोमचा इन्सर्ट घालण्याचा विचार करा. दीडशे ते अडीचशे ग्रॅम वाढतात आणि टायर चढवताना घाम निघतो, पण रिम वाचते. नवशिक्याने मात्र आधी जाड केसिंग आणि दोन पीएसआय जास्त हवा हे करून बघावं, इन्सर्ट नंतर.

१०. टायर कधी काढायचा

बटणं अर्ध्यावर आली, त्यांची ब्रेकला अडणारी कड गोल झाली की मागचा टायर दगडावर पकड सोडू लागतो. पुढच्याची कडेची रांग बोटाने बाहेरच्या बाजूला वाकवून बघा. मुळाशी चिरा दिसल्या तर मधली बटणं कितीही शाबूत असोत, तो पुढच्या चाकाला नको. केसिंग जाड असेल तर काही दिवस मागे चालवता येतो.

भिंतीतले धागे दिसू लागले, तर हवा टिकत असली तरी त्या टायरवर दगडी उतार करू नका. कुठे फुगा आला असेल, तर आतला थर तुटलाय. तो टायर त्याच दिवशी बाद. चाक आऊट नाही, पण फिरवल्यावर टायर डोलतो, हेही त्याच दुखण्याचं लक्षण.

गच्चीत उन्हात उभी केलेली सायकल वापरली नाही तरी टायरची बाजू वाळून बारीक भेगाळते. सायकल सावलीत ठेवा आणि हवा पूर्ण उतरू देऊ नका. घडी पडून राहिलेल्या टायरची भिंत तिथेच आधी फाटते.